पाणचक्कीचे पीठ आणि सहलीचा डबा

मुकुंदवाडीतल्या एखाद्या घरातून सहा माणसे सहलीला निघाली, की घरात दोन हिशेब मांडले जातात. पहिला गाडीभाड्याचा आणि प्रवेश तिकिटाचा. तो सोपा असतो, कारण त्याचे आकडे आधीच माहीत असतात. दुसरा खाण्यापिण्याचा. तो कधीच जुळत नाही. चिकलठाणा एमआयडीसीत रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाची एक दिवसाची मजुरी सहा जणांच्या एका जेवणात आणि चार पाण्याच्या बाटल्यांत संपते. म्हणून पुष्कळ घरांत सहलीचा बेत तिकिटाच्या खिडकीपर्यंत पोहोचतच नाही. आदल्या रात्री खाण्याच्या हिशेबावरच तो मोडतो.

हा प्रश्न आज थीम पार्कच्या निमित्ताने चर्चेत येतो. तिकीट काढून आत गेल्यावर घरचा डबा नेता येत नाही, आतले जेवण परवडत नाही, मग करायचे काय? वरवर पाहता हा अगदी आजचा, मॉल-मल्टिप्लेक्सच्या काळातला प्रश्न वाटतो. पण माणसे मौजेसाठी एका जागी जमू लागली तेव्हापासून त्यांच्या जेवणाचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न आहे. आपल्या औरंगाबाद परिसराला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, त्याचा सातशे वर्षांचा इतिहास आहे. तो नीट पाहिला तर काही गोष्टी स्पष्ट होतात.

दौलताबादचा आनंदबाजार

चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दिल्लीहून निघून दौलताबादला आला. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची माणसे इथे हलवली होती, त्यानंतरची ही गोष्ट. बतूताने या शहराचे जे वर्णन केले आहे, त्यात किल्ल्याइतकीच जागा एका बाजाराला मिळाली आहे. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा हा बाजार. त्याचे नाव तरबाबाद. तरब म्हणजे आनंद, म्हणजे हे झाले आनंदनगर. मोठमोठी दुकाने, मधोमध गालिचे अंथरलेला सजवलेला मंडप आणि तिथे कलावंतांची हजेरी. याच बाजारात मशिदी होत्या आणि रमजानमध्ये तिथे तरावीहची नमाज होई, असेही तो नोंदवतो. इथल्या द्राक्षांचे आणि डाळिंबांचे त्याने कौतुक केले आहे.

मराठी मुलखात मौजेसाठी खास वसवलेल्या जागेचे इतके जुने वर्णन क्वचितच सापडेल. आजच्या भाषेत त्याला थीम पार्क म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच, की त्याला कुंपण नव्हते. ज्याच्या खिशात पैसा आहे तो दुकानात बसला, ज्याच्याकडे नाही तो रस्त्यावरून ऐकत पुढे गेला. आत कोणी काय खावे, बरोबर काय आणावे, हे ठरवणारा एकच मालक तिथे नव्हता. बाजारात भाव वाढले तर शेजारचा दुकानदार ते पाडतो. कुंपण पडले की शेजारीच उरत नाही. ही साधी गोष्ट पुढच्या सगळ्या इतिहासाला लागू पडते.

रौजा: जिथे पाहुण्याला भाकरी जागेकडून मिळे

दौलताबादवरून घाट चढून गेले की खुलताबाद लागते. त्याचे जुने नाव रौजा. रौजा या शब्दाचा मूळ अर्थ बाग, आणि खुल्द म्हणजे स्वर्ग. म्हणजे नावातच बाग आहे. हजरत मुन्तजिबुद्दीन जरजरी जरबख्श यांचा इंतकाल १३०९ चा, हजरत बुरहानुद्दीन गरीब यांचा १३३७ चा. दोघेही दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन औलियांच्या चिश्ती परंपरेतले. या परंपरेच्या खानकाहचा एक नियम होता: जे न मागता मिळेल त्याला ‘फुतूह’ म्हणायचे आणि ते शक्यतो त्याच दिवशी वाटून टाकायचे. उद्यासाठी साठवायचे नाही. आलेल्या माणसाला आधी जेवण, मग विचारपूस.

या लंगरला आज आपण पुण्याचे काम म्हणतो. ते होतेच, पण त्यात एक व्यवस्थाही होती. लांबून येणाऱ्या माणसाला जेवणाची खात्री असल्याशिवाय तो येणार नाही, आणि माणूस आला नाही तर जागा जिवंत राहणार नाही. शरियतने जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत एक ‘इब्नुस्सबील’, म्हणजे वाटसरू आहे. घरी तो सुखवस्तू असेलही, पण वाटेत अडचणीत आहे एवढे पुरेसे. प्रवासातला माणूस भुकेच्या बाबतीत दुबळा असतो, हे त्यात ओळखलेले आहे. दुबळ्या माणसाकडून जास्तीचा नफा काढायचा की त्याला आधी घास द्यायचा, हा त्या काळी निकालात निघालेला प्रश्न होता.

खर्च कसा चाले? खुलताबादला याबद्दल एक दंतकथा सांगतात. बुरहानुद्दीन गरिबांच्या पश्चात शिष्यांकडे दर्ग्याची डागडुजी करायला आणि पोट भरायला काही उरले नाही. त्यांनी दुआ मागितली, तेव्हा फरशीतून रोज रात्री चांदीची झुडपे उगवू लागली. ती तोडून विकायची आणि खर्च भागवायचा. पुढे दर्ग्याला जहागीर मिळाली आणि झुडपे उगवायची थांबली. जुन्या गॅझेटियरमध्येही ही कथा आली आहे. ती खरी की खोटी हा मुद्दा नाही. तिच्यात व्यवहाराचे एक सत्य दडले आहे: आधी श्रद्धेवर चाललेले स्वयंपाकघर पुढे जमिनीच्या उत्पन्नावर चालू लागले. वक्फ आणि इनाम यांचा अर्थ तोच. शेताचे उत्पन्न कायमचे बाजूला काढायचे आणि त्यातून आल्यागेल्याची भाकरी निघायची.

खुलताबादला रबीउल अव्वल महिन्यात उरूस भरतो. उरूस म्हणजे लग्न, म्हणजे मुळातच आनंदाचा प्रसंग. दर्शनाला आलेला माणूस पाळण्यातही बसतो, मौत का कुआं पाहतो, लेकराला फुगा घेऊन देतो, हलवा-पराठा खातो. मराठवाड्यातल्या गरीब मुसलमान घरांची, आणि हिंदू घरांचीही, वर्षातली पहिली आणि पुष्कळदा एकमेव सहल हीच. याच गावात भद्रा मारुती आहे. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री हजारो माणसे शहरातून पायी तिकडे जातात, आणि रस्त्याच्या कडेला चहा, पाणी, फराळ घेऊन लोक उभे असतात. नियम तोच: चालणाऱ्याने पायाचे कष्ट द्यावेत, वाटेवरच्याने घास द्यावा.

पैठणचा उल्लेखही इथेच करायला हवा. संत एकनाथांच्या घरच्या श्राद्धाची कथा सर्वांना माहीत आहे. ब्राह्मणांसाठी शिजवलेल्या अन्नाच्या वासाने रस्त्यावरची उपाशी माणसे थबकली आणि नाथांनी ते पान आधी त्यांना वाढले. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी दौलताबादचे किल्लेदार होते आणि त्या परंपरेचा धागा चांद बोधले यांच्यापर्यंत जातो. त्यांची समाधी दौलताबादला आहे आणि ती दर्ग्यासारखी आहे. खानकाहचा दस्तरखान आणि नाथांच्या अंगणातली पंगत यांच्यात पन्नास-साठ किलोमीटरचे अंतर असेल, विचाराचे अंतर फारसे नाही.

पाणी आणि पाणचक्की

सहलीच्या खर्चात आज पाणी ही वेगळी बाब झाली आहे. या शहराची सुरुवात मात्र पाण्याच्या व्यवस्थेतून झाली. मलिक अंबर हा इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस निजामशाहीचा वजीर झाला आणि त्याने १६१० च्या सुमारास खडकी हे गाव राजधानी म्हणून वसवले. पुढच्या दहा वर्षांच्या आत त्याने नहर-ए-अंबरी बांधली. डोंगराकडचे जमिनीतले पाणी उताराच्या हिशेबाने, पंपाशिवाय, शहरातल्या हौदांपर्यंत आणले. वाटसरूला ओंजळभर पाणी मिळे, त्याची किंमत नव्हती. मलिक अंबर १६२६ मध्ये गेला. त्याची कबर खुलताबादलाच आहे.

त्याच विद्येतून पुढे पाणचक्की झाली. बुखाराकडून आलेले नक्शबंदी परंपरेतले बाबा शाह मुसाफिर इथे राहिले. त्यांच्या तकियाभोवती अठराव्या शतकात हौद, कारंजी, मशीद, मदरसा आणि ही पाण्यावर चालणारी चक्की आकाराला आली. हर्सूलच्या बाजूच्या डोंगरातल्या झऱ्याचे पाणी जमिनीखालून खापरी नळांतून आणले, ते उंच भिंतीत चढवून खाली सोडले आणि पडणाऱ्या पाण्याच्या जोराने लोखंडी पात्यांचे चाक फिरवले. चाकाला जोडलेले जाते धान्य दळू लागले. ते पीठ कोणासाठी? खानकाहमधले फकीर, तालिब-ए-इल्म आणि आल्यागेल्या मुसाफिरांसाठी. ज्या बुजुर्गांच्या नावातच मुसाफिर आहे, त्यांच्या दारात मुसाफिरासाठी दळण चाले.

आज पाणचक्की हे शहराचे एक प्रेक्षणीय स्थळ आहे. तिकीट काढून आपण आत जातो, पाणी पडताना पाहतो, फोटो काढतो, बाहेर येतो. शाळेच्या सहलीत मुलांना सांगितले जाते, की पूर्वी वीज नसताना लोकांनी केवढे तंत्र शोधले. ते खरेच आहे. पण ते तंत्र कशासाठी होते, हे सांगायचे राहून जाते. तो देखावा नव्हता, ते स्वयंपाकघराचे यंत्र होते. पाहुण्याच्या भाकरीसाठी फिरणारे चाक आता पाहुण्याने पैसे देऊन पाहायचे झाले. आणि योगायोग असा, की महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे मुख्य कार्यालय याच पाणचक्कीच्या आवारात आहे. वक्फच्या जमिनी कोणी बळकावल्या, कोणी विकल्या, कोणत्या कायद्याने काय बदलले, यावर आपल्याकडे खूप बोलले जाते आणि बोलायलाच हवे. त्या जमिनी ज्या भाकरीसाठी दिल्या होत्या, त्या भाकरीबद्दल मात्र आपण क्वचितच बोलतो.

नान-कलिया: फौजेचे जेवण, गरिबाची मेजवानी

स्वस्त आणि पोटभर म्हणजे काय, याचे या शहराने दिलेले उत्तर नान-कलिया आहे. तुघलकाच्या फौजेबरोबर हे जेवण दौलताबादला आले, असे परंपरा सांगते. काही जण ते मोगल छावणीशी जोडतात. मूळ कोणतेही असो, हे छावणीचे जेवण आहे हे त्याच्या घडणीवरूनच कळते. नान तंदुरात आधी भाजून ठेवायची. वरून हळद-गुळाच्या पाण्याचा पिवळा हात फिरवायचा. ती टोपल्यात रचून कुठेही नेता येते. कलिया एकाच मोठ्या देगेत लाकडाच्या आचेवर शिजतो. ताटे, वाट्या, पाच प्रकारच्या भाज्या, काही लागत नाही. रस्सा पुरेसा असतो. माणसे वाढली तर नान वाढवायची, गोश्त थोडे कमी वाट्याला येईल, पण उपाशी कोणी उठणार नाही.

पाचशे माणसांचे जेवण कमी भांड्यांत, कमी हातांनी, कमी पैशांत कसे होईल, याचा हा शेकडो वर्षांचा अनुभव आहे. म्हणूनच शहरातल्या मुसलमान घरांत लग्नाला नान-कलिया असतो आणि गरिबाच्या घरीही तो असू शकतो. देग सांभाळणारे भटियारे, तंदुरावरचे नानबाई यांची हयात त्यात गेली. या जेवणाची स्वस्ताई मोठ्या जनावराच्या गोश्तावर उभी होती. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीचे गोश्त चालते, मटणाचा भाव सर्वांना ठाऊक आहे. देगेचा हिशेब त्या वर्षापासून बदलला आणि त्याची झळ हॉटेलात फूड-वॉकला येणाऱ्या पर्यटकाला लागली नाही, लग्नघरच्या बापाला लागली.

लंडनचे हॅम, कोपनहेगनचा झरा

बाहेरच्या जगातही हीच ओढाताण दिसते. अठराव्या शतकात लंडनमध्ये व्हॉक्सहॉल गार्डन्स नावाची बाग प्रसिद्ध होती. दिवे, संगीत, कारंजी आणि रात्रीचे फिरणे. प्रवेश एक शिलिंग. तिकीट स्वस्त वाटे, पण आत बसून खायला घेतले की खिसा रिकामा होई. तिथले हॅमचे काप इतके पातळ असत, की त्यातून वर्तमानपत्र वाचता येईल, असा विनोद लंडनभर चाले. तिकिटावर गर्दी जमवायची आणि खाण्यावर कमवायचे, हे तंत्र डिस्नेलँडच्या आधी दोनशे वर्षे ठरून गेले होते.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या उत्तरेला बाकेन नावाचे मनोरंजन उद्यान आहे. ते जगातले सर्वात जुने मानले जाते. त्याची सुरुवात १५८३ मध्ये जंगलात सापडलेल्या एका झऱ्यापासून सांगतात. पाण्याने आजार बरे होतात म्हणून लोक येऊ लागले, लोकांमागे फेरीवाले आले, फेरीवाल्यांमागे खेळवाले आले. आपल्याकडच्या कोणत्याही उरसाची किंवा जत्रेची हकिकत हीच आहे. बाकेनमध्ये आजही नुसते आत जायला पैसे पडत नाहीत. पाळण्यात बसाल तर त्याचे पैसे. जत्रेतून वाढलेल्या उद्यानाने जत्रेची एक सवय जपली: बघायला येणाऱ्याला दार उघडे.

तिकीट, कुंपण आणि डबा

आपल्याकडे हे बदलले कसे? पहिला बदल स्मारकांत झाला. बीबी का मकबरा, दौलताबादचा किल्ला, वेरूळची लेणी ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आहेत. १९५९ च्या नियमांप्रमाणे संरक्षित स्मारकात, त्यासाठी ठरवून दिलेली जागा सोडून, स्वयंपाक करायला आणि खायलाही मनाई आहे. हा नियम योग्यच आहे. सांडलेले तेल, माकडे, धूर यांनी दगड आणि चित्रे खराब होतात. मात्र त्याच वाक्यातला ‘ठरवून दिलेली जागा’ हा भाग आपण विसरलो. खाण्याची जागा नेमून देता येते, हे नियमाने साठहून अधिक वर्षांपूर्वीच मान्य केले आहे. प्रत्यक्षात दुपारी एक वाजता डबा घेऊन आलेले कुटुंब वाहनतळाच्या कडेला, सावली शोधत बसलेले दिसते.

दुसरा बदल खासगी पार्कांनी आणला. मुंबईजवळ गोराईला १९८९ मध्ये एस्सेल वर्ल्ड सुरू झाले, खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका. मधल्या काळात लहानमोठी वॉटर पार्क प्रत्येक जिल्ह्याच्या शहराबाहेर उभी राहिली. यांतल्या बहुतेक ठिकाणी दारातच बॅगा तपासतात आणि घरचे अन्न बाहेर ठेवायला सांगतात. मालकांची बाजूही आहे: कचरा होतो, काच फुटते, बाहेरचे खाऊन कोणाला त्रास झाला तर नाव पार्कचे येते. आणि खरे कारण हे, की पार्कच्या कमाईचा एक भाग उपाहारगृहातून येतो.

महाराष्ट्रात हा वाद सिनेमागृहांवरून गाजला. जुलै २०१८ मध्ये राज्य सरकारने विधिमंडळात जाहीर केले, की मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ नेता येतील. पुढच्याच महिन्यात सरकारने सुरक्षेचे कारण देत उच्च न्यायालयात वेगळी भूमिका घेतली. अखेर ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जम्मू-काश्मीरच्या प्रकरणात निकाल दिला: सिनेमागृह ही मालकाची खासगी जागा आहे, बाहेरचे अन्न आणू न देण्याची अट तो घालू शकतो. पण स्वच्छ पिण्याचे पाणी फुकट दिलेच पाहिजे आणि तान्ह्या मुलांसाठी आई-वडिलांनी आणलेले खाणे अडवू नये. निकाल सिनेमागृहांचा असला तरी पार्कचे मालक हाच युक्तिवाद करतात. मग त्यातली पाण्याची आणि लेकरांची बाजूही त्यांनी मनावर घ्यायला हवी.

बाटलीबंद पाण्याबद्दल आणखी एक गोष्ट माहीत असावी. १ जानेवारी २०१८ पासून एकाच वस्तूच्या एकसारख्या पॅकवर दोन ठिकाणी दोन वेगवेगळ्या एमआरपी छापता येत नाहीत. बसवून सेवा देणाऱ्या हॉटेल-रेस्टॉरंटना एमआरपीचे बंधन नाही, असा डिसेंबर २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. म्हणजे टपरीवजा काउंटरवरून नुसती बाटली हातात घेतली, तर छापील किमतीपेक्षा जास्त मागणाऱ्याला विचारायचा हक्क आपल्याला आहे.

आपल्या समाजासाठी या सगळ्याला आणखी एक पदर आहे. आतले गोश्त हलाल आहे की नाही याची खात्री नसली, की मुसलमान कुटुंब ते टाळते. मग उरते वडा-सँडविच, तेही दुप्पट भावाने. जैन कुटुंबाची कांदा-लसणाची अडचण, माळकऱ्याची वेगळी, मधुमेही आजोबांची वेगळी. घरचा डबा हा निव्वळ पैसे वाचवण्याचा मार्ग नाही. ज्याचे खाणे वेगळे आहे त्याला चारचौघांत सहजपणे वावरता यावे, याचीही ती सोय आहे. डबा दारात अडवला, की ही सर्व माणसे एकाच वेळी अडतात.

शिदोरी आणि तोशा

मराठीत शिदोरी, फारसी-उर्दूत तोशा. दोन्ही शब्दांचा अर्थ वाटेसाठी बांधून घेतलेले अन्न, आणि दोन्ही भाषांत तो पुढे आयुष्याच्या प्रवासालाही लावला जातो. गोपाळकाल्यात सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवतात. दस्तरखानावर एकाच मोठ्या ताटात चार हात पडतात. एकत्र बसून घरचे खाणे हा सहलीतला सर्वात आनंदाचा भाग असतो, हे दोन्हीकडे ठाऊक होते.

म्हणून मुकुंदवाडीच्या त्या सहा जणांचा बेत परवडणारा करायचा असेल, तर या परिसराने शिकवलेले शहाणपण आजही कामाला येते. जिथे डबा चालतो त्या वाटेने जायचे. खुलताबाद साधारण पंचवीस किलोमीटर, वेरूळ तिथून आणखी थोडे पुढे. वेरूळ मंगळवारी बंद असते. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट पडत नाही. न्यायचे ते टिकणारे आणि कोरडे: नान किंवा दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. दही आणि रस्सा उन्हात आंबतो. स्मारक पाहून आधी बाहेर पडायचे, मग सावलीत दस्तरखान अंथरायचे. हंगामात परतताना दौलताबादच्या घाटात सीताफळे आणि पेरू घ्यायचे, ते तिथल्या शेतकरी बायकांकडून. थीम पार्कलाच जायचे असेल तर दारात पोहोचण्याआधी पोटभर नाश्ता, बाहेर पडल्यावर जेवण, आणि आत फक्त पाणी व लेकरांचा खाऊ, हाच हिशेब बसतो.

हे सांगताना एक गोष्ट विसरता कामा नये. घरचा डबा स्वस्त असतो, कारण त्यातली मजुरी कोणी मोजत नाही. पहाटे चारला उठून सहा जणांचे करणारी बाई त्या दिवशी सहलीला जाते ती अर्धी दमूनच. खानकाहच्या लंगरचे मोठेपण हेही होते, की वाटसरू स्त्रीला त्या दिवशी चूल पेटवावी लागत नसे. स्वस्त आणि सन्मानाचे तयार जेवण मिळणे ही बायकांचीही गरज आहे.

सरकारला हे कळत नाही असे नाही. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली. पुढे ती केंद्रे बंद पडत गेली आणि जागा वेगळ्याच धंद्यांना लागल्या. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू झाली: दोन चपात्या, भाजी, वरण, भात. लॉकडाऊनमध्ये तिने पुष्कळांना जगवले. पण अशा थाळ्या दवाखाना, बस स्थानक, बाजार समिती अशा जागी विचारात घेतल्या जातात. प्रेक्षणीय स्थळी त्या असाव्यात, असे कोणाच्या मनात येत नाही. गरीब माणूस आजारी पडतो आणि बाजाराला जातो एवढेच आपण धरून चालतो. तो लेकरांना घेऊन फिरायलाही जातो, हे गृहीत धरलेले नसते.

सातशे वर्षांच्या या हिशेबात तीन टप्पे दिसतात. खानकाहच्या काळात पाहुण्याच्या जेवणाचा भार जागेने उचलला. जत्रेत आणि बाजारात तो पाहुण्याने उचलला, पण निवड त्याच्या हाती राहिली. कुंपणाच्या आत भारही त्याचाच आणि निवडही गेली. पहिला टप्पा जसाच्या तसा परत येणार नाही, कारण लंगरला जमीन लागते आणि जमिनी गेल्या. पण तीन गोष्टी आजही होऊ शकतात. प्रत्येक तिकिटाच्या जागी, ती सरकारी असो वा खासगी, थंड पिण्याचे पाणी फुकट असावे. दाराच्या आत किंवा दाराशी, डबा उघडून बसता येईल अशी सावलीची, कचरापेटी असलेली जागा असावी. मग तिथे कचरा न करण्याची जबाबदारी आपली. आणि तिसरी मागणी आपण आपल्याच लोकांकडे करायची आहे. पाणचक्की पाहायला येणाऱ्या शाळेच्या मुलांना वक्फ मंडळाने आणि शहरातल्या दानशूरांनी मिळून एक वेळची साधी नान आणि डाळ दिली, तर त्याला फार मोठे बजेट लागणार नाही. ते चाक कशासाठी फिरत होते, हे मुलांना मग भाषणाशिवाय कळेल.